हा उन्हाळा बाहेरचा नव्हे

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. समितीतून फोन आला तेव्हा विषय ठरला होता ‘स्त्रियांचे आरोग्य’. मी म्हटलं, हा फार मोठा विषय आहे, मी एकच गोष्ट बोलते, पाळी जाताना अंगातून ज्या गरम वाफा निघतात त्याबद्दल. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच आवाज आला, “ताई, बाप्पासमोर हा विषय? आणि पुरुष मंडळीही असतात हो!” मी म्हटलं, असू द्या. त्यांच्याही घरात ही गोष्ट घडते, त्यांना कळली तर बरंच आहे.

आणि बाप्पासमोर म्हणाल, तर माझ्या दवाखान्यात तीस-पस्तीस वर्षं दर श्रावण-भाद्रपदात एकच गर्दी असायची. “डॉक्टरीणबाई, महालक्ष्म्या आहेत, पाळी पुढं ढकलायची गोळी द्या.” सोळा भाज्या, पुरण, आंबील, घरात पंचवीस पानं, आणि त्या दिवसांत बाजूला बसायचं म्हटलं की घर अडतं. म्हणजे पाळीचा आणि आपल्या सणांचा हिशोब आपण बायका गुपचूप मांडतच आलो आहोत. मोठ्यानं फक्त आज बोलतो आहोत. जाता जाता सांगते, पंचेचाळिशीनंतर या गोळ्या मनानं घेत जाऊ नका. त्या वयात पाळी तशीच मागंपुढं होत असते. त्यात गोळी घेतली की आपली पाळी खरोखर जाऊ लागली आहे की गोळीमुळे हुकली आहे, ते ना तुम्हाला कळतं ना डॉक्टरला. आणि रक्त गोठण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर या गोळ्या धोक्याच्याही ठरतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. २००७ सालचा मे महिना. मी अठ्ठेचाळीस वर्षांची. नवतपा लागला होता, म्हणजे सूर्य रोहिणीत गेल्यावरचे ते नऊ दिवस, ते काय चीज आहे हे रायपूरकरांना सांगायला नको. दुपारी पेशंट तपासता तपासता एकाएकी छातीतून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं. मान, कानशिलं, चेहरा तापायचा, कपाळावर घाम, छातीत धडधड. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरायचं आणि वर हुडहुडी भरल्यासारखं व्हायचं. मी उठून कूलरसमोर उभी राहायची. घरी यजमान म्हणाले, “अगं, पारा चव्वेचाळीसवर आहे, सगळं रायपूर भाजतंय, तू काय वेगळी?” मलाही पटलं. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, पन्हं केलं, कांदा खाल्ला, दह्याबरोबर बासीही खाल्ली. रात्री बिछाना ओला होई. मी उशी उलटी करून पुन्हा पडायची.

पुढं पावसाळा आला, दिवाळी झाली, तरी वाफा चालूच. पुढच्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. सगळ्या जणी शाली पांघरून, कोणी स्वेटर घालून बसलेल्या. आणि मी चांप्याची कोशाची साडी नेसून घामानं निथळते आहे! शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “सुरू झालं वाटतं तुझंही?” सातवी पास काकूंना जे एका नजरेत कळलं, ते मला, रोज दहा बायका तपासणाऱ्या डॉक्टरला, आठ महिने कळलं नव्हतं. पाळी तोवर अनियमित झालेली होती. पण मी सगळा दोष उन्हाळ्यावर टाकून मोकळी झाले होते.

आपल्याकडे हीच खरी अडचण आहे. जिथं चार महिने बाहेरूनच आग ओतते, तिथं आतली आग ओळखणार कशी? त्यासाठी आत काय घडतं ते थोडं समजून घेऊ.

आपल्या मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. शरीराचं तापमान सांभाळणं हे त्याचं एक काम. एसीला असतो तसला थर्मोस्टॅटच म्हणा. शरीर थोडं तापलं, थोडं निवलं, तर तो लगेच काही करत नाही, तेवढी सूट देतो. फारच तापलं तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, आणि फार निवलं तर थरथर आणतो. पाळी जाण्याच्या काळात बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन कमी होतं, कधी चढतं कधी पडतं, आणि या थर्मोस्टॅटची सूट अगदी अरुंद होते. मग चहाचा एक पेला, जिना चढणं, नणंदेचा एखादा टोमणा, एवढ्याशानं शरीर किंचित तापलं तरी तो घाबरून सगळी दारं उघडतो. रक्त कातडीकडे धावतं, घाम फुटतो. पण मुळात शरीर फारसं तापलेलंच नव्हतं! म्हणून ते गरजेपेक्षा जास्त निवतं आणि शेवटी हुडहुडी भरते. थर्मामीटर लावला तर ताप निघत नाही, आणि मग घरची मंडळी म्हणतात, “काही नाही, मनाचे खेळ आहेत.”

मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेतल्या नाओमी रॅन्स या संशोधिकेनं १९९०च्या सुमारास मृत स्त्रियांच्या मेंदूंचा अभ्यास केला. पाळी गेलेल्या स्त्रियांत मेंदूच्या याच भागातल्या काही चेतापेशी आकारानं मोठ्या झालेल्या तिला दिसल्या. या पेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. लगाम सुटला की त्या उधळतात आणि शेजारच्या तापमान-केंद्राला सारख्या ढुशा देत राहतात. ही गोष्ट इतकी पक्की आहे की नेमक्या त्या पेशींचा निरोप अडवणारं औषध पुढं तयार झालं आणि मे २०२३मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. फेझोलिनेटंट त्याचं नाव. यकृतावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. मी ते कोणाला द्या म्हणून सांगत नाही. मुद्दा एवढाच की ज्याला आपण ‘नखरे’ म्हणत होतो, त्याचा पत्ता सापडला आहे.

बाहेरच्या उन्हाचा संबंध अगदीच नाही असं मात्र नाही. खोली थंड असली तर वाफा कमी येतात आणि सौम्य येतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे आपल्या गावातली बाई या बाबतीत नशिबाची जरा खोटीच! आणि मेपेक्षा हा भादवा वाईट. मे महिन्यात हवा कोरडी असते, घाम चटकन वाळतो, कूलर चालतो. आता या उमसीत कूलर लावला तर तो नुसता दमटपणा वाढवतो आणि घाम अंगावरच राहतो. त्यात महालक्ष्म्यांचं पुरण ढवळत गॅससमोर उभं राहायचं. या दिवसांत कूलरचं पाणी बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि पंख्याचा वारा सरळ अंगावर घ्या.

हे किती दिवस चालतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला. मी वर्षानुवर्षं उत्तर देत आले, “वर्ष-दोन वर्षं, मग थांबतं.” पुस्तकात तसंच होतं. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा अनेक वर्षं पाठपुरावा करून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या, त्यांतल्या निम्म्या जणींना त्या सात वर्षांहून अधिक काळ येत राहिल्या. माझ्या स्वतः नऊ वर्षं चालल्या. बारा महिने सलग पाळी आली नाही की पाळी गेली असं आम्ही धरतो. आपल्या देशात ते साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास घडतं, पाश्चात्त्य देशांत एकावन्नच्या सुमारास. सुश्रुतसंहितेत पन्नास वर्षं सांगितली आहेत, म्हणजे हिशोब फार जुना आहे. पण वाफा त्याच्या दोन-चार वर्षं आधीही सुरू होतात, पाळी चालू असतानाच, आणि तिथंच घोटाळा होतो.

एक मजेशीर गोष्ट सांगते. १९७५ साली मार्शा फ्लिंट या अमेरिकन विदुषीनं राजस्थान आणि हिमाचलमधल्या राजपूत स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांनी पाळी जाण्याबद्दल फारशी तक्रारच केली नाही. उलट पाळी गेल्यावर पडदा सुटतो, पुरुषांच्या बैठकीत बसता येतं, म्हणून त्या खूश होत्या. यावरून बऱ्याच जणांनी काढलं की भारतीय बायकांना वाफा येतच नाहीत. बाजूला बसणं सुटल्याचा आनंद मलाही झाला होता, तो खराच आहे. पण तक्रार न करणं आणि त्रास नसणं या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या आईनं कधी तक्रार केली होती का? माझी आई नागपूरला भर थंडीत रात्री उठून न्हाणीघरात तोंडावर पाणी मारायची. आम्ही म्हणायचो, आईला सवय आहे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते. हे सांगणं मला सोपं नाही.

२००९च्या सुमारास आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई यायला लागली. अभनपूरकडच्या खेड्यातली. वय बत्तीस-तेहेतीस, दोन मुलं. पुढच्या वर्षी ती महिनाभर आली नाही. आली तेव्हा म्हणाली, “बच्चेदानी के ऑपरेशन होगे.” ओटीपोटात दुखत होतं, अंगावरून पांढरं जात होतं, म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली. तिथं सांगितलं की पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. त्या वेळी राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेचं स्मार्ट कार्ड असायचं, कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचं. कार्ड घासलं, ऑपरेशन झालं.

त्यानंतर फरशी पुसता पुसता ती मध्येच भिंतीला टेकून बसायची. पदरानं वारा घ्यायची, बादलीतलंच पाणी मानेला लावायची. म्हणायची, “भीतर ले आगी लागथे, बाई.” आतून आग लागते. आणि मी काय म्हणाले असेन? मी, नुकतीच या सगळ्यातून गेलेली, अजून जात असलेली! मी म्हणाले, “पाणी कमी पितेस. उन्हात चालत येऊ नकोस, लू लागेल.” तिचं वय पाहिलं आणि माझ्या मनात तो विचारच आला नाही. दीड वर्ष ती माझ्या डोळ्यांदेखत जळत होती.

मग २०१२चा जुलै आला. तुमच्यापैकी अनेकींना ते दिवस आठवत असतील. आपल्या रायपूरच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या खासगी दवाखान्यांनी विमा योजनेच्या पैशांसाठी गरज नसताना गर्भाशयं काढली, अशा बातम्या रोज येऊ लागल्या. विधानसभेत गाजलं, चौकशी बसली, काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. त्या दिवशी मी तिला म्हटलं, तुझे कागद आण. दुसऱ्या दिवशी तिनं एका प्लास्टिकच्या पिशवीतून स्मार्ट कार्ड, रेशन कार्ड आणि त्यात घडी केलेला डिस्चार्जचा कागद आणला. गर्भाशय तर काढलंच होतं, दोन्ही बीजकोशही काढले होते. तेहेतिसाव्या वर्षी. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपली पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन चार-पाच वर्षांत हळूहळू उतरतं. दोन्ही बीजकोश काढले की ते एका दिवसात बंद होतं. त्यामुळे वाफा लगेच येतात, जोरात येतात, खूप वर्षं राहतात. आणि पंधरा वर्षं आधीच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसती पिशवी काढून बीजकोश ठेवले तरीसुद्धा अनेकींची नैसर्गिक पाळी जाण्याची वेळ काही वर्षं अलीकडे येते, आणि पिशवी नसल्यामुळे ती कधी गेली हे कळायला खूणच उरत नाही. अशा बाईला चाळिशीत वाफा सुरू झाल्या तर तिला वाटतं काहीतरी भलतंच झालं आहे.

आणि हे काही छत्तीसगढपुरतं नाही. आपल्या महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली बाहेर आलं. पाळीत सुटी घेतली तर मुकादम दंड लावतो, शेतात न्हाणीघर नाही, मग पिशवीच काढून टाका! शासनाच्या समितीनं सुमारे ब्याऐंशी हजार बायकांची पाहणी केली, त्यांत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. छत्तीसगढ, बिहार आणि राजस्थानातल्या या ऑपरेशनांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ला लागला. केंद्रानं तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश झाला.

तुम्ही म्हणाल, हे गरीब बायकांचं झालं. नाही हो. आपल्याच ओळखीत मोजून पाहा, “मुलं झाली, आता कशाला ठेवायची ती कटकट” असं म्हणून पिशवी काढलेल्या किती जणी निघतील. ऑपरेशन कधी करूच नये असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी असतील, न थांबणारा रक्तस्राव असेल, कॅन्सर असेल तर ते करावंच लागतं. पण पांढरं जातं, पाठ दुखते, सोनोग्राफीत गर्भाशय जरा मोठं दिसलं, एवढ्यासाठी नव्हे. आणि करायचंच झालं तर दोन प्रश्न विचारा, “दुसरा उपाय करून पाहिला का?” आणि “बीजकोश ठेवणार की काढणार, का?” शक्यतो दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा.

त्या बाईचं पुढं काय झालं ते सांगते. माझ्या एका मैत्रिणीकडे, जी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तिला घेऊन गेले. तपासण्या झाल्या आणि इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली. इतक्या लहान वयात बीजकोश गेले तर, दुसरी काही अडचण नसल्यास, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हे संप्रेरक देणं हाच उपचार आहे. महिन्याभरात ती म्हणाली, रात्री झोप लागायला लागली. बस, एवढंच म्हणाली. ती अजून आमच्याकडे येते. त्या दीड वर्षाबद्दल मी तिची माफी मागितली, तेव्हा तिला माफी कशाची हेच कळलं नाही. ते मला जास्त लागलं.

संप्रेरकांचं नाव काढलं की तुमच्या मनात कॅन्सर येतो, मला ठाऊक आहे. माझ्याही आला होता. जुलै २००२मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. सोळा हजार सहाशे स्त्रियांवरचा. दोन संप्रेरकांची गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, पक्षाघात वाढलेले दिसले. जगभर एका रात्रीत या गोळ्या बंद झाल्या. मीही माझ्या पेशंटच्या बंद केल्या, आणि २००८ साली स्वतःला गरज होती तेव्हा घेतल्या नाहीत. नऊ वर्षं रात्री उशी उलटी करत राहिले. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, हे मी तेव्हा नीट वाचलंच नाही! वाढ किती? दहा हजार बायकांमागे वर्षाला कॅन्सरच्या आठ जास्त. धोका शून्य नाही, पण घराघरांत जेवढी भीती पसरली तेवढा नाही. पुढं त्याच आकडेवारीचा वयाप्रमाणे पुन्हा विचार झाला. साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी बाईला वाफांचा फार त्रास असेल तर फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आज मानतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही या औषधांवरचे बरेचसे कडक इशारे काढण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केला.

पण मैत्रिणीनं घेतली म्हणून आपण घेतली, असं करू नका. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी झाली असेल, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ही औषधं चालत नाहीत. पिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून सोबत दुसरं संप्रेरक लागतं. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. उदासपणावरची काही औषधं कमी मात्रेत दिली तर वाफा कमी होतात. डॉक्टरनं ती लिहिली म्हणजे तुम्हाला वेड लागलं असं त्याचा अर्थ नाही, केमिस्टचं तोंड पाहून गोळ्या परत करू नका!

घरगुती उपायांबद्दल मी खरं तेच सांगणार, थोडी निराशा झाली तर क्षमा करा. योगासनं, दीर्घश्वसन, सोयाबीन, जवस यांनी वाफा कमी होतात असं तपासणीत ठामपणे सिद्ध झालेलं नाही. योगासनं मी स्वतः रोज करते. गुडघे चालतात, मन ताळ्यावर राहतं, तेवढ्यासाठी करा. जाड बायकांनी वजन उतरवलं तर वाफा कमी होतात, हे मात्र दिसलं आहे. विचार आणि सवयी बदलण्याच्या एका पद्धतशीर मानसोपचारानं त्रासाचा बाऊ कमी होतो, झोप सुधारते. बाकी सोयीच्या गोष्टी आहेत. पंडरीच्या बाजारात जाल तेव्हा सुती घ्या, सिंथेटिक गाऊनमध्ये झोपू नका. चहा थोडा निवू द्या. उशाशी पाण्याची बाटली आणि एक सुती पंचा ठेवा. मडिया, म्हणजे आपली नाचणी, दूध, मुनग्याची भाजी खा, सकाळी उन्हात फिरा. त्यानं वाफा जाणार नाहीत, पण हाडांसाठी हवं.

आणि दर घामाला वाफच समजू नका. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरतं आहे, खोकला आहे, तर टीबीची तपासणी आधी. हात थरथरतात, धडधड सारखी राहते, तर थायरॉइड. मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल आणि घाम फुटून भूक लागली तर साखर उतरली असेल. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर जरी रक्त गेलं तर, “परत सुरू झाली वाटतं” म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.

मागच्या रांगेतल्या बंधूंना एवढंच म्हणेन की रात्री बायकोनं पंखा वाढवला तर तो कमी करू नका, तुम्ही पांघरूण घ्या. आमच्याकडे सुरुवातीला यावर फार वाद झाले. मग यजमानांनी स्वतःच एक टेबलफॅन आणून माझ्या बाजूला लावला आणि आपण रजई घेऊन झोपले. कौतुकाचं एक अक्षर बोलले नाहीत, पण तो पंखा नऊ वर्षं चालला.

आता आरतीची वेळ होत आली आहे. प्रसादानंतर मी शेजारच्या खोलीत तासभर बसणार आहे. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटतो त्यांनी तिकडे या. तुमचं पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर उद्या येताना डिस्चार्जचा कागद घेऊन या, आपण मिळून वाचू. आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचं झालं असेल, तर तिलाही सोबत आणा.

गणपती बाप्पा मोरया!